रांजणवाडी, विषाणू आणि फेकून दिलेले दोन तुकडे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘विषाणूमुळे होतो पापणीचा कर्करोग’ अशा मथळ्याची एक छोटी बातमी मध्यंतरी आपल्या आरोग्यविषयक पानावर आली होती. जेमतेम सहा ओळींची. त्या सहा ओळींचं कात्रण कुणीतरी फोनवर पाठवलं आणि त्यानंतर माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात जे घडलं, त्यामुळे हे पत्र लिहिते आहे. बातमी खोटी होती असं माझं म्हणणं नाही. ती अर्धी होती, आणि उरलेला अर्धा भाग आमच्या लोकांनी स्वतःच्या भीतीने भरून काढला.

मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं तंत्रज्ञ होते. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या डबीतून यायचे. ते मेणात बसवून त्यांचा ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर केसाहूनही पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची, हे माझं काम. निदान करणं माझं काम नव्हतं. पण इतकी वर्षं स्लाइड हाताळल्यावर डोळ्याला काही गोष्टी कळायला लागतात.

ताई बासष्ट वर्षांची आहे. तिच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर एक गाठ आली. दुखत नव्हती, फक्त टणक होती. सगळ्यांनी तिला रांजणवाडी म्हटलं, मीही म्हटलं. शेक दिला, मलम लावलं. तीन महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापणी उलटवून आतून चिरा दिला आणि गाठ खरवडून काढली. दोन महिन्यांनी ती त्याच जागी पुन्हा आली. पुन्हा चिरा, पुन्हा खरवडणं. दोन्ही वेळेला निघालेला ऐवज कापसाबरोबर कचऱ्यात गेला. मी दोन्ही वेळेला बाहेर बाकावर बसले होते आणि एकदाही ‘तुकडा लॅबला पाठवताय ना?’ असं विचारलं नाही. जिचा सगळा जन्म तुकडे तपासायला पाठवण्याच्या व्यवहारात गेला, तिला ते सुचलं नाही. रांजणवाडी हा शब्दच इतका घरगुती आहे, की त्याच्यापुढे माझं शिक्षण गप्प बसलं.

दुसऱ्या वेळेनंतर एका दुपारी मी तिच्या डोळ्यात थेंब घालत होते. पापणी बोटाने वर उचलली आणि गाठीच्या जागेवर पापणीचे केस नाहीत, हे दिसलं. साधारण चार मिलिमीटरची मोकळी पट्टी. कड जाडसर झालेली, किंचित पिवळट. रांजणवाडीने सहसा केस असे कायमचे जात नाहीत. आतली गाठ केसांची मुळं खात असेल तर जातात. मी थेंबांची बाटली खाली ठेवली. तिला तेव्हा काही बोलले नाही.

तिसऱ्या वेळेला मी डॉक्टर बदलले आणि फॉर्मॅलिनची डबी स्वतः भरून घेऊन गेले. रिपोर्ट आला, सेबेशियस कार्सिनोमा.

हा कॅन्सर पापणीतल्या तैलग्रंथींचा. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. वरच्या पापणीत या ग्रंथी साधारण पंचवीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस असतात. त्यांच्यातून येणाऱ्या तेलामुळे आपले अश्रू लगेच वाळून जात नाहीत. रांजणवाडी म्हणून आपण ज्या न दुखणाऱ्या टणक गाठीला ओळखतो, ती याच ग्रंथीचं तोंड बंद झाल्याने होते आणि हा कॅन्सरही याच ग्रंथीतून उगवतो. जागा एक, सुरुवातीचा चेहरा एक, म्हणून फसगत होते. जगभराचा हिशेब केला तर पापणीचा सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर बेसल सेल कार्सिनोमा आहे. तो बहुधा खालच्या पापणीवर येतो आणि त्याचं नातं उन्हाशी आहे, विषाणूशी नाही. पण आपल्या देशात आणि एकूण आशियात सेबेशियस कार्सिनोमाचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा खूप मोठा आहे. पाश्चात्त्य माहिती जशीच्या तशी उचलून छापली, की नेमका हाच आजार त्यातून गळतो.

(स्लाइडवर या पेशी फेसाळ दिसतात. त्यांच्यात चरबी असते आणि आम्ही तुकड्यावर अल्कोहोल-झायलिनची प्रक्रिया करतो तेव्हा ती विरघळून जाते. मागे रिकामे बुडबुडे उरतात. ताईची स्लाइड मी पाहिली नसती तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं. पण पाहिली.)

ऑपरेशनबद्दल थोडक्यात सांगते. गाठीभोवतीचा भाग काढताना कडा तिथल्या तिथे गोठवून तपासल्या. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याचेही ठिकठिकाणचे बारीक तुकडे घेतले, कारण हा कॅन्सर कधी कधी मूळ गाठीपासून दूर, पृष्ठभागाच्या थरात सुट्या सुट्या पेशींनी पसरतो. वरच्या पापणीचा मोठा भाग गेला. तो भरून काढायला खालच्या पापणीची पट्टी वर ओढून शिवली आणि सात आठवडे तो डोळा बंद राहिला. मग दुसरं ऑपरेशन करून डोळा उघडला. नव्या पापणीला केस नाहीत. ताईला ती बंद होते याचंच अप्रूप आहे.

इथपर्यंत सगळं कुटुंब तिच्या पाठीशी होतं. मग ती बातमी आली.

ताईच्या रिपोर्टमध्ये खाली एक ओळ होती, ‘पी-१६ पॉझिटिव्ह’. माझ्या भाच्याने बातमी वाचली, मग रिपोर्ट काढला, मग पी-१६ म्हणजे काय ते फोनवर शोधलं. उत्तर आलं की हा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा, म्हणजे एचपीव्हीचा दर्शक आहे. पुढचं पान होतं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं आणि त्यावर लिहिलं होतं की हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. कुणीही मोठ्याने काही बोललं नाही. पण ताईचा टॉवेल वेगळ्या दांडीवर गेला. नातू रोज तिच्याजवळ झोपायचा, त्याची गादी दुसऱ्या खोलीत गेली. वीस वर्षं वैधव्यात काढलेल्या बाईला त्या वयात काय वाटलं असेल, ते मी लिहू शकत नाही. तिने मला फोन करून एवढंच विचारलं, “अगं, मी कुणाला दिला का गं हा रोग? की कुणाकडून आणला?”

संपादक महोदय, या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. मी नुसतं “नाही गं” म्हणाले. त्यानंतर पंधरा दिवस जुन्या सहकाऱ्यांना आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना त्रास देऊन जे समजून घेतलं, ते आपल्या वाचकांपर्यंत जावं असं मला वाटतं.

पापणीवर येणारा आणि विषाणूशी ज्याचं नातं पक्कं ठरलं आहे, असा एक कॅन्सर आहे. त्याचं नाव मर्केल सेल कार्सिनोमा. तो दुर्मीळ आहे. वरच्या पापणीवर लालसर-जांभळी, न दुखणारी, गुळगुळीत गाठ येते आणि काही आठवड्यांत भराभर वाढते. त्यालाही सुरुवातीला रांजणवाडीच समजलं जातं. २००८ साली अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाने या गाठींमध्ये तोवर कुणालाही ठाऊक नसलेला एक विषाणू शोधून काढला. दहा गाठी तपासल्या, आठांत तो सापडला. त्याला मर्केल सेल पॉलिओमाव्हायरस म्हणतात. या दोघांनीच १९९४ साली कापोसी सार्कोमा या दुसऱ्या एका कॅन्सरचा विषाणू शोधला होता. (एचआयव्हीने प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांत तो कॅन्सरही क्वचित पापणीवर जांभळ्या डागासारखा दिसतो.)

पण गाठीत विषाणू सापडला म्हणजे त्यानेच गाठ केली, असं होत नाही. आपल्या कातडीवर कितीतरी विषाणू नुसते वस्तीला असतात. हा मर्केलचा विषाणूही बहुतेक प्रौढांच्या अंगावर केव्हा ना केव्हा येऊन राहिलेला असतो आणि त्यांना कधी काही होत नाही. मग पिट्सबर्गच्या लोकांना खात्री कशी पटली? त्यांनी पाहिलं, की विषाणूचा जनुकीय धागा पेशीच्या डीएनएत शिवला गेला आहे आणि एका रुग्णाच्या मूळ गाठीत व तिथून दूर पसरलेल्या गाठीत तो अगदी एकाच जागी शिवलेला आहे. म्हणजे आधी एका पेशीत टाका पडला आणि मग त्या एका पेशीची गाठ झाली. उपरा विषाणू नंतर येऊन बसला असता, तर टाके जागोजागी वेगवेगळे दिसले असते. मला हे समजलं तेव्हा फार बरं वाटलं. इतकी स्वच्छ साक्ष आमच्या कामात रोज मिळत नाही.

आणि ताईच्या प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट याच्या पुढे आहे. गाठीतल्या या विषाणूचं एक प्रथिन अर्धवट तुटलेलं असतं. त्या तुटक्या प्रथिनामुळे पेशी बेलगाम वाढते, पण विषाणूला स्वतःच्या नव्या प्रती काढता येत नाहीत. तो त्या गाठीत कोंडला जातो. ज्या गाठीला खरोखर विषाणू कारणीभूत आहे, तीसुद्धा टॉवेलवरून, उशीवरून, मिठी मारून कुणाला लागत नाही.

मर्केलच्या साधारण पाचांतल्या चार गाठींत हा विषाणू मिळतो. ऑस्ट्रेलियासारख्या कडक उन्हाच्या देशात हे प्रमाण बरंच कमी आहे. तिथल्या बऱ्याच गाठी उन्हाने डीएनएला केलेल्या इजेतून येतात. तेव्हा याही आजारात वाटा दोन आहेत. ज्यांचं मूत्रपिंड वा दुसरा अवयव बदललेला आहे, ज्यांना एचआयव्ही आहे, ज्यांना लिम्फोसाइट पेशींचा जुनाट रक्ताचा कॅन्सर आहे, अशांची प्रतिकारशक्ती या विषाणूवर पहारा ठेवायला कमी पडते. त्यांच्या पापणीवर लालसर-जांभळी गाठ आली तर शेक देत महिना घालवू नये.

आता ताईचा सेबेशियस कार्सिनोमा. इथे चित्र तितकं स्वच्छ नाही. १९९४ साली जपानी संशोधकांना पापणीच्या अशा बऱ्याच गाठींत एचपीव्हीचे जनुकीय अंश मिळाले होते. नंतर इतरांनी शोधले तेव्हा काहींना एकाही नमुन्यात मिळाले नाहीत. २०१९ साली अमेरिकेतून आलेल्या जनुकीय अभ्यासाने या गोंधळात थोडी वाट दाखवली. थोड्या गाठी खरंच एचपीव्हीमुळे झालेल्या आहेत आणि त्यांत पी-५३, आरबी या रक्षक जनुकांत बिघाड नाही. उरलेल्यांत विषाणू नाही, तिथे नेमका याच जनुकांचा बिघाड आहे. नाव एकच, पण गाठी दोन वाटांनी आलेल्या. ‘विषाणूमुळे होतो’ हे वाक्य यांतल्या थोड्यांनाच लागू पडतं, आणि बेसल सेलच्या रुग्णांना तर नाहीच.

मग पी-१६चं काय? हे मला आमच्या मॅडमनी कागदावर रेघा ओढून समजावलं. आरबी हे प्रथिन पेशीच्या वाढीला लगाम घालतं. एचपीव्हीचं ई-७ नावाचं प्रथिन आरबीला निकामी करतं आणि आरबी निकामी झालं की पेशीत पी-१६ साठत जातं. गर्भाशयमुखाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये आरबी सहसा विषाणूमुळेच निकामी होतं, म्हणून तिथे पी-१६ दिसलं की विषाणूचा पक्का संशय घेता येतो. पापणीच्या तैलग्रंथीत मात्र आरबी दुसऱ्याच कारणाने बिघडलेलं असू शकतं. पी-१६ तरीही साठतं. माग दिसतो, पण तो त्याच चोराचा असतो असं नाही. पापणीच्या सेबेशियस कार्सिनोमात पी-१६ पॉझिटिव्ह आणि विषाणू मात्र नाही, अशा गाठी पुष्कळ आहेत. मी स्वतः वर्षानुवर्षं पी-१६चे रंग चढवले, पण हा फरक मला निवृत्तीनंतर, बहिणीच्या निमित्ताने कळला.

ताईचा ब्लॉक प्रयोगशाळेत जपून ठेवलेला होता. मॅडमनी त्याचे नवे काप काढून विषाणूच्या ई-६, ई-७ जनुकांचा आरएनए थेट शोधणारी चाचणी करायला पाठवले. उत्तर आलं, निगेटिव्ह.

रिपोर्ट घेऊन मी ताईकडे गेले, सगळ्यांना समोर बसवलं आणि वाचून दाखवला. भाच्याचे डोळे भरून आले. सूनबाई आत जाऊन टॉवेल परत जागेवर ठेवून आली. मला वाटलं, झालं. पण ताई हुशार आहे. तिने विचारलं, “आणि पॉझिटिव्ह आला असता तर?”

मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. आला असता तरी टॉवेल जागेवरच राहायला हवा होता. एचपीव्ही हा एक विषाणू नाही, त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. हातापायावर चामखीळ आणणारे वेगळे, गर्भाशयमुखाला त्रास देणारे वेगळे. बहुतेकांना आयुष्यात यांतला कुठला ना कुठला होऊन जातो, पत्ताही लागत नाही. तो केव्हा, कुठून आला हे गाठीवरून कुणीही सांगू शकत नाही आणि त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडता येत नाही. विषाणू माणसाकडून माणसाकडे जाऊ शकतो. कॅन्सर जात नाही. एकाच्या कॅन्सरच्या पेशी दुसऱ्याच्या शरीराला परक्या असतात, ते त्यांना थारा देत नाही. हे मी नातवालाही त्याच्या भाषेत सांगितलं. त्याची गादी त्याच रात्री परत आली.

एचपीव्हीच्या लशीबद्दलही दोघी-तिघींनी मला विचारलं. ती लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी उत्तम आहे, मुलींना वेळेवर द्यावी. पण पापणीचा कॅन्सर टळेल म्हणून साठीत ती घ्यायला धावण्याला आज काही आधार नाही.

आपल्याकडे माझी मागणी लहान आहे. पुढच्या वेळी असा मथळा देताना कुठला कॅन्सर आणि कुठला विषाणू, ही दोन नावं बातमीत घाला. हा आजार संसर्गजन्य नाही हे एक वाक्य घाला, ते वगळायला जागा नव्हती असं म्हणू नका. आणि खरी धोक्याची खूण द्या. चाळिशीनंतर त्याच जागी परत येणारी रांजणवाडी; जिथे पापणीचे केस गळले आहेत अशी गाठ; एकाच डोळ्याची महिनोन्महिने न हटणारी लाली, जिच्यावर थेंब बदलून बदलून दिले जात आहेत; कानापुढे किंवा जबड्याखाली हाताला लागणारी गाठ. यांतलं काही असेल तर तुकडा तपासायला गेलाच पाहिजे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनाही, फार आदराने, एक सांगायचं आहे. तुमच्यासमोर दिवसाला कितीतरी रांजणवाड्या येतात आणि त्या जवळपास सगळ्या निरुपद्रवी असतात, हे मी जाणते. प्रत्येक खरवडलेला कण पाठवा असं माझं म्हणणं नाही. पण परत आलेल्या गाठीचा तुकडा फेकू नका. आमच्याकडे तो डबीतून आला तर त्याचा ब्लॉक होतो आणि ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. नवी चाचणी निघाली तर त्याच ब्लॉकवर ती करता येते, जशी ताईची करता आली.

ताईच्या ऑपरेशनला आता सव्वा वर्ष झालं. दर तीन महिन्यांनी तपासणी असते; मी घरीही तिच्या कानापुढे आणि जबड्याखाली बोटाने चाचपून बघते. अजून काही लागलेलं नाही. तिचा तिसरा तुकडा कपाटात नंबर घालून ठेवलेला आहे. पहिल्या दोन तुकड्यांत कॅन्सर होता का आणि असेल तर तो किती लहान होता, हे मला आता कधीच बघता येणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ